'पेड' म्हणजे पाय की मूल? शब्दमुळांच्या कार्डांबद्दल

मी शाळेत इंग्रजी शिकवते. ग्रीक-लॅटिन शब्दमुळांचा हा कार्डसंच हातात आल्यावर आधी 'पेड' शोधलं. बऱ्याच याद्या 'पेड म्हणजे पाय' एवढं सांगून मोकळ्या होतात. मग पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर जमतात आणि पीडियाट्रिशियनपाशी (बालरोगतज्ज्ञ) मुलं हटकून विचारतात, "म्हणजे पायांचा डॉक्टर का?"

इथे दोन वेगळी कार्डं आहेत. निळं लॅटिन: पाय. तांबडं ग्रीक: मूल. तांबड्याच्या मागे पेडागॉगीची (अध्यापनशास्त्र) हकिगतही दिली आहे. ग्रीसमध्ये मुलाला शाळेत पोहोचवणाऱ्या गुलामाला 'पाइदागोगोस' म्हणत, त्यावरून हा शब्द आला. अशी एक ओळ वाचली की शब्द डोक्यात पक्का बसतो. पायाचं ग्रीक मूळ पुन्हा वेगळं, 'पोड': ट्रायपॉड, ऑक्टोपस. त्याच्या शेजारी आपला 'पाद' ठेवून बघा, नातं लगेच दिसतं. 'होमो'चीही अशीच फोड केली आहे. होमो सेपियन्समधला लॅटिन, म्हणजे माणूस. होमोजीनियसमधला ग्रीक, म्हणजे सारखा.

उपसर्गांच्या कार्डांवर मात्र मी नाराज आहे. 'इन म्हणजे नकार' एवढंच छापलंय. इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं. तिथला 'इन' नकाराचा नाहीच. मुलानं कार्डावर विसंबून उलटा अर्थ लावला तर ते धोक्याचं आहे, ही दुरुस्ती व्हायलाच हवी. शिवाय इल, इम, इर ही 'इन'चीच बदललेली रूपं, त्यांना स्वतंत्र कार्डं कशाला? उत् + लास = उल्लास ज्यानं शिकलंय, त्याला इन + लीगल = इलीगल वेगळं पाठ करावं लागत नाही. मी ती तिन्ही कार्डं बाजूला काढून एकाच कार्डावर संधी लिहून घेतली.

सगळ्यात जास्त उपयोग वैद्यकीय कार्डांचा झाला. 'नेफ्र' मूत्रपिंड, 'हेपाट' यकृत, 'आयटिस' दाह, 'एक्टमी' कापून काढणं. एवढ्यावर नेफ्रायटिस, हेपटायटिस, नेफ्रेक्टमी मुलं स्वतः उलगडतात. मूत्रपिंडाचं लॅटिन मूळ 'रेन', त्यावरून रीनल. ते कार्डही संचात आहे, हे विशेष आवडलं.

घरी वैद्यकीय किंवा जीवशास्त्राकडे जाणारं कुणी असेल तर जरूर घ्या. सुरुवात याच कार्डांपासून करा, उपसर्गांची नंतर काढा, आणि तेव्हा शब्दकोश जवळ असू द्या.