आर भाषेसाठी मदत कुठे मिळते? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

शेतातल्या प्रयोगांची आकडेमोड मी गेल्या खरिपापासून आर या संख्याशास्त्रासाठीच्या संगणकभाषेत करतोय. भाषा मोफत आणि मुक्त आहे, ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती सुरू केली, २००० साली तिची १.० आवृत्ती आली, हे कुठेही वाचायला मिळतं. पण कृषी पदव्युत्तरच्या मुलांना आर सुचवलं की त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच असतो: अडलं तर विचारायचं कुणाला? कस्टमर केअरचा नंबर नसलेल्या सॉफ्टवेअरवर थीसिस सोपवायची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. म्हणून भाषेपेक्षा तिच्या मदतीबद्दलच लिहितो.

मदत भरपूर आहे आणि तिचा दर्जा मला विकतच्या सॉफ्टवेअरहून चांगला वाटला. मात्र ती एका जागी नाही. अडचण आरची आहे, एखाद्या पॅकेजची (आरला जोडायच्या तयार आज्ञांच्या संचाची) आहे की संख्याशास्त्राची, हे आधी ठरवावं लागतं, कारण तिन्हींची माणसं वेगळी आहेत.

उदाहरण स्प्लिट प्लॉटचं घेऊ. आपल्याकडे मशागत मुख्य प्लॉटला आणि खताची मात्रा उपप्लॉटला, असे प्रयोग सर्रास होतात. अशा प्रयोगांसाठीच्या एलएमई-फोर पॅकेजमध्ये मॉडेल बसवलं की उत्तरात पी-व्हॅल्यूचा (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेचा) रकानाच नसतो. गाइडला तर पी-व्हॅल्यू आणि सीडी (दोन सरासऱ्यांत किमान किती फरक असला तर तो खरा मानायचा, तो आकडा) दोन्ही हवं. हा बिघाड नाही. पॅकेजचे कर्ते डग्लस बेट्स यांनी मे २००६ मध्ये आर-हेल्प या मेलिंग लिस्टवर (ईमेलने चालणाऱ्या चर्चागटावर) सविस्तर पत्र लिहून कारण सांगितलं होतं: अशा मॉडेलमध्ये पी-व्हॅल्यू ज्यावरून काढतात त्या एफ-कसोटीच्या छेदाचे डिग्रीज ऑफ फ्रीडम (स्वतंत्र माहितीचं माप) किती धरायचे याचं सर्वसाधारण, पक्कं उत्तर नाही, मग खोटी अचूकता कशाला दाखवायची? पॅकेजच्याच मदतपानांत ‘पीव्हॅल्यूज’ नावाचं एक पान आहे, त्यात पर्याय दिले आहेत. एलएमईआर-टेस्ट हे पॅकेज सॅटर्थवेटच्या अंदाजी पद्धतीने तो पी-व्हॅल्यूचा रकाना भरून देतं. पुढे उपचारांच्या सरासऱ्यांची तुलना करायला ईएममीन्स आहे, आणि त्याच्या व्हिन्येट्स, म्हणजे सोबत येणाऱ्या उदाहरणांसहितच्या टिपा, मी अक्षरशः पाठ्यपुस्तकासारख्या वाचल्या. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘असं का?’ या प्रश्नाला खुद्द कर्त्याचं उत्तर मला कधी वाचायला मिळालं नव्हतं. मला आर आवडायला लागलं ते इथे.

याच प्रकारच्या प्रश्नांसाठी आर-सिग-मिक्स्ड-मॉडेल्स ही वेगळी लिस्ट आहे. तिथे उत्तरं देणारी माणसं हीच मॉडेलं वापरणारी, काही तर ती लिहिणारी. आर-हेल्पच्या नियमावलीत मात्र स्वच्छ लिहिलंय की प्राथमिक संख्याशास्त्र आणि गृहपाठ यांसाठी ही जागा नाही. तिथला सूर कोरडा आहे, नवख्याला तो लागतो. नवख्यांनी पॉझिट कम्युनिटी या ऑनलाइन चर्चामंचापासून सुरुवात करावी, तिथे लोक सांभाळून घेतात. जनुकीय माहितीवर काम करणाऱ्यांसाठी बायोकंडक्टर या पॅकेजसंग्रहाची मदत स्वतंत्र आहे, तिकडेच जावं.

प्रश्न कसा मांडावा, यावर मी सगळ्यांत जास्त भर देईन. ‘कोड चालत नाही’ एवढ्याला उत्तर येत नाही. छोटा, स्वतःपुरता पूर्ण, समोरच्याच्या संगणकावर जसाच्या तसा चालणारा नमुना द्यावा लागतो. रेप्रेक्स पॅकेज तो तयार करून देतं आणि सेशन-इन्फो ही आज्ञा तुमच्या आवृत्त्या सांगते. अप्रकाशित आकडे बाहेर द्यायची परवानगी नसते, हे आपल्याकडचं खरं अडसर. त्यावर उपाय आरसोबतच येतो. मास पॅकेजमध्ये ‘ओट्स’ नावाचा विदासंच आहे: संख्याशास्त्रज्ञ येट्सच्या १९३५ च्या लेखातला ओटचा स्प्लिट प्लॉट प्रयोग, ६ ब्लॉक, ३ वाण, नत्राच्या ४ मात्रा, एकूण ७२ नोंदी. आपली अडचण त्यावर घडवून दाखवली की तुमचा डेटा घरातच राहतो, आणि उत्तर देणाऱ्याला ही रचना बहुधा आधीच ठाऊक असते.

जुन्या उत्तरांची तारीख मात्र पाहत जा. जिल्हावार नकाशा काढायला शोधलंत तर आरजीडॅल आणि मॅपटूल्स वापरणारी ढीगभर उत्तरं समोर येतील. ती पॅकेजं ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, आता एसएफ आणि टेरा शिकावं. तसंच देवनागरीचं. तालुक्यांची नावं विंडोजवर कोनी कंसातल्या यू-आकड्यांच्या रूपात दिसतात, अशी तक्रार जुन्या चर्चांत भेटते. एप्रिल २०२२ च्या ४.२.० आवृत्तीपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांवर आर यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या सामावणाऱ्या अक्षरसंकेतात) चालतं, त्यामुळे आधी आर अद्ययावत करा. आलेखात जोडाक्षरं फुटत असतील किंवा वेलांटी चुकीच्या जागी बसत असेल, तर चित्र रॅग पॅकेजमधून काढा, त्यात अक्षरजोडणी नीट होते. मराठी अहवाल लिहिणाऱ्यांसाठी एवढं एक पॅकेज मोलाचं आहे.

मराठीत प्रश्न विचारून तज्ज्ञ उत्तर मिळावं, अशी जागा मला सापडली नाही, आणि ही उणीव मला मनापासून खटकते. चांगली विद्यार्थिनी इंग्रजीला बिचकून प्रश्नच विचारत नाही, हे मी पाहिलंय. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प काही अंशी ही कसर भरून काढतो. त्यात आरची मालिका आहे, धडे छोटे आहेत, आणि कुठल्या मिनिटाला अडलं ते नोंदवून प्रश्न विचारता येतो. पहिल्या महिन्यासाठी मी तेच सुचवतो.

एक विनंती. प्रबंधात विकतच्या सॉफ्टवेअरचं नाव आवृत्तीसकट लिहिलं जातं, आरचं मात्र बऱ्याचदा राहून जातं. सायटेशन ही आज्ञा दिली की आरचा संदर्भ तयार मिळतो, कंसात पॅकेजचं नाव टाकलं की त्या पॅकेजचाही. ईएममीन्स, एलएमई-फोर, जे वापरलं असेल त्याचा संदर्भ द्या. विद्यापीठात काम करणाऱ्या पॅकेजकर्त्या मंडळींच्या खात्यावर त्याचीच नोंद होते.