गाडीची पडवी: पाऊस झेपतो, वारा झेपत नाही

आधीच सांगतो, ऑनिंग, म्हणजे गाडीच्या टपाला बसवून कडेला बाहेर ओढायचं कापडी छप्पर, चांगलं आहे, घेतल्याचा पश्चात्ताप वगैरे काही नाहीये. पण विकताना जे व्हिडिओ दाखवतात ना, नदीकाठी गाडी, खाली दोन खुर्च्या, कपातून वाफा येतायत आणि मागच्या झाडाचं एक पान हलत नाहीये, तर ते पान बघायचं. आपल्याकडे जूनमध्ये घाटमाथ्यावर पान हलत नाही असं कधी झालंय का?

माझी जुनी बोलेरो आहे, वर लोखंडी कॅरिअर, त्याच्या डाव्या अंगाला हे बसवलंय. साधं सरळ बाहेर ओढायचं मॉडेल, अडीच मीटर लांब, दोन मीटर बाहेर येतं. कापड ४२० डी ऑक्सफर्ड (४२० डी म्हणजे धाग्याची जाडी), आतून पीयू कोटिंग, म्हणजे पाणी अडवणारा प्लॅस्टिकसारखा थर, वॉटरप्रूफ रेटिंग ३००० मिमी. साडेतेरा हजाराला पडलं, ब्रॅकेट आणि फॅब्रिकेटरची मजुरी वेगळी. कंपनीचं नाव लिहीत नाही, एकतर ह्या टाईपची सगळी ऑनिंगं मला दिसायला सारखीच वाटतात, आणि दुसरं म्हणजे जे प्रॉब्लेम सांगणारे ते बरेचसे ह्या प्रकारालाच आहेत. घरात मात्र कोणी ऑनिंग म्हणत नाही, बायकोने पहिल्या दिवशीच "अगं बाई, गाडीला पडवी काढली की" म्हटलं, तेव्हापासून पडवीच.

पहिली ट्रिप जूनच्या पहिल्या आठवड्यात, काजवे बघायला भंडारदऱ्याला. मी, बायको, लेक आणि सासूबाई. धरणाच्या पलीकडच्या बाजूला एका मामांच्या शेतात मुक्काम, जागा मस्त, समोर पाणी, मागे डोंगर. बॉक्सवर लिहिलंय दोन माणसं पाच मिनिटं, आम्हाला लागली वीस, त्यातली दहा पाय उलटे लावले म्हणून. पाय म्हणजे ते ट्विस्ट करून लॉक करायचे अ‍ॅल्युमिनियमचे पाईप. हात ओले असले की ट्विस्ट नीट आवळलं जात नाही आणि पाय हळूहळू आपोआप खाली बसतो, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

संध्याकाळी साडेपाचला मामा आले, वर बघितलं, म्हणाले, "सायेब, ते छप्पर उतरवून घ्या आता. डोंगर काळा पडलाय." मी म्हटलं मामा वॉटरप्रूफ आहे हे. ते काही बोलले नाहीत, नुसतं हसले आणि बैल सोडायला गेले.

वीस मिनिटात वळीव आला. पाऊस यायच्या आधी वारा आला, आणि सगळा घोळ तिथेच झाला. आपण पावसासाठी ऑनिंग घेतो म्हणून डोक्यात पाऊसच असतो, पण पाऊस वरून दाबतो, वारा खालून उचलतो. कापड फुगलं, दोन सेकंद जहाजाच्या शिडासारखं तटतटून उभं राहिलं, पुढच्या दोन खुंट्या मऊ मातीतून बुचासारख्या उपटून आल्या आणि अख्खी पडवी पायांसकट उलटी होऊन गाडीच्या टपावर जाऊन पडली. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या त्या तशाच बसलेल्या, हातात बशी, डोक्यावर एकदम आभाळ. कोणाला लागलं नाही हे नशीब, पाय फिरताना लेकीच्या कानाजवळून गेला. एक ब्रॅकेट वाकला, प्लॅस्टिकचा एक जॉइंट फुटला.

घरी आल्यावर हिशोब मांडला. अडीच गुणिले दोन म्हणजे पाच चौरस मीटर कापड. ताशी ४० किमीचा वारा एवढ्या कापडावर सरळ भिडला तर साधारण ३५-४० किलोचा जोर बसतो. वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे ८० च्या झोताला दीडशे किलो! आणि हे सगळं कशावर, तर दोन-तीन ब्रॅकेट आणि चार खुंट्यांवर. त्या खुंट्या म्हणजे सोबत आलेल्या सात इंची तारा, ज्यांना मी खुंट्या म्हणायलाही तयार नाही, कपडे वाळत घालायच्या हँगरची तार जाड असते. जॉइंटसाठी कस्टमर केअरला मेसेज केला तर "सर प्लीज शेअर व्हिडिओ". फुटलेल्या प्लॅस्टिकचा व्हिडिओ म्हणजे काय काढायचा, फोटोच तो, फक्त हात थरथरतो. तीन आठवड्यांनी जॉइंट आला, फुकट आला, हे पण लिहिलं पाहिजे.

मग मी काय बदल केले ते सांगतो, कारण आता तेच खरं प्रॉडक्ट आहे.

खुंट्या लोहाराकडून करून घेतल्या, बारा एमएमची सळई, दीड फूट, एक टोक धारदार आणि दुसरं वाकवलेलं. मारताना खुंटीचं डोकं ऑनिंगपासून लांब कललेलं हवं, दोरीला उलट ताण बसतो. मऊ मातीत एकीच्या मागे दुसरी मारून दोन्ही बांधायच्या. कातळावर किंवा जांभ्यावर खुंटी जातच नाही, तिथे सरळ मोठे धोंडे किंवा वीस लिटरचे पाण्याचे भरलेले कॅन. दिवेआगरला एका वाडीत वाळूवर लावलं होतं तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळूने भरून फूट-दीड फूट पुरल्या आणि त्यांना दोऱ्या बांधल्या, दुपारचा समुद्रावरचा वारा आरामात सोसला. दोरी नायलॉनची घेऊ नका, भिजली की ताणते आणि सैल पडते, रात्री दोनला उठून आवळत बसावं लागतं. पॉलिस्टरची घ्या. प्रत्येक पायाला दोन दोऱ्या, दोन दिशांना, आणि मधे सायकलच्या ट्यूबची एक पट्टी, म्हणजे झटका बसला की ट्यूब ताणली जाते, ब्रॅकेटवर येत नाही. ट्यूबची आयडिया टेम्पोवाल्यांची आहे, माझी नाही.

आणि गाडी कशी उभी करायची हे सगळ्यात महत्त्वाचं. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, नैऋत्येचा. ऑनिंग डाव्या अंगाला. म्हणजे गाडीचं तोंड दक्षिणेला केलं की डावी बाजू पूर्वेला येते आणि गाडी स्वतःच भिंत होते. दुसऱ्या ट्रिपला असं लावलं तर सासूबाई म्हणे, "दक्षिणेकडे तोंड? यमाची दिशा ती." मी म्हटलं आई, मागच्या वेळी उत्तरेकडे होतं, काय झालं बघितलंत ना. त्यावर गप्प. (रात्री हळूच डॅशबोर्डवर गणपतीपुढे उदबत्ती लागलेली दिसली, ते असो.) वळवाला मात्र हा नियम नाही, तो कुठूनही येतो, त्याला एकच उपाय, मामांचं ऐकायचं आणि गुंडाळायचं. विजा असतील तर लोखंडी कॅरिअरखाली अ‍ॅल्युमिनियमचे पाय धरून उभं राहण्यात काही शौर्य नाही, काचा लावून गाडीत बसा.

दुसरी ट्रिप जुलैमध्ये, मुळशीच्या वरच्या अंगाला मित्राच्या शेतावर. रात्रभर संततधार, वारा बेताचा. इथे पडवीने खरंच मान राखला. ३००० मिमी म्हणजे कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा खांब उभा केला तरी झिरपू नये असा अर्थ असतो, आणि कापडातून खरोखर थेंब आला नाही. आला तो शिवणीतून, थोडा, सीम सीलर, म्हणजे शिवणी बुजवायचा लेप, लावल्यावर थांबला. पण पाणी साचतं, हा दुसरा शत्रू. पाच चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे पाच लिटर पाणी, दहा मिलिमीटर म्हणजे पन्नास लिटर, अडीच जार, आणि मुळशीत दहा मिलिमीटरला काय लागतं हो. कापड जरा सपाट राहिलं की मधे पोट सुटतं, पोट सुटलं की अजून पाणी, आणि मग अचानक एका बाजूने धबाबा चहाच्या पातेल्यात. म्हणून बाहेरचे दोन्ही पाय चांगले वीतभर खाली, आणि त्यातला एक अजून खाली, सगळं पाणी एकाच कोपऱ्यातून गेलं पाहिजे. त्या कोपऱ्याला एक सुतळी लोंबत सोडायची, पाणी तिच्यावरून गुपचूप बादलीत उतरतं, त्यावर भांडी घासली. नाहीतर तिन्ही बाजूंनी पागोळ्या आणि मधे आपण, गावच्या घराची आठवण येते पण पाय ओलेच.

एक गोष्ट मात्र कंपनीने विचारच केलेली नाही, गाडीचा टप आणि ऑनिंगच्या मधली फट. चार बोटं आहे, आणि टपावरचं सगळं पाणी तिथून दाराच्या उंबऱ्यावर, म्हणजे गाडीत चढणाऱ्याच्या मानेत. ह्यावर मी जुना फ्लेक्स कापून लावलाय, आमच्या चौकातला वाढदिवसाचा होता, भावी नगरसेवक. एक थेंब येत नाही. साडेतेरा हजाराच्या कापडापेक्षा फुकटचा फ्लेक्स जास्त टिकणार असं दिसतंय, फक्त आत बसलं की साहेब हात जोडून उलटे बघत असतात.

साईड वॉल, म्हणजे बाजूला लावायच्या कापडी भिंती, घेऊ का असं विचाराल तर वाऱ्याच्या जागी नको. भिंत लावली की तेवढं शीड वाढलं. आणि भिंती लावून आत शेगडी पेटवायचं तर अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. उघड्या ऑनिंगखालीही शेगडी कडेला ठेवा, ठिणगीने भोक पडतं, माझ्याकडे दोन आहेत, कांदाभजी.

शेवटचं म्हणजे वाळवणं, हे कोणी सांगत नाही. ओलं गुंडाळून बॅगेची चेन लावली आणि चार दिवस विसरलात की काळे ठिपके आणि वास, बुरशी एकदा धरली की जात नाही. आता घरी आलो की सोसायटीच्या पार्किंगमध्ये उघडून ठेवतो, वॉचमनकाका खाली खुर्ची टाकून बसतात, सेक्रेटरींनी एकदा "हे कायमचं बांधकाम आहे का" असं विचारून झालंय.

घ्यायचं का? अर्धा तास थांबून चहा करायचा, दुपारचं जेवण, ऊन, बेताचा पाऊस, ह्याला पाचपैकी चार. भर जुलैत घाटमाथ्यावर रात्र काढायची असेल तर दोन, तिथे झाडांना बांधलेली हजार रुपयांची ताडपत्री ह्याच्यापेक्षा जास्त मार खाते आणि फाटली तर जीव जळत नाही. भातलावणीला बायका इरलं घेऊन वाकतात ना, ते पाठ वाऱ्याकडे करून, ह्या पडवीला पाठच नाहीये. पंख्यासारखं उघडणारं २७० अंशांचं पण मिळतं, किंमत बरीच जास्त, घाटातल्या वाऱ्यात कोणी वापरलं असेल तर सांगा, पण दुकानातल्या पार्किंगमध्ये उघडून बघितलेलं चालणार नाही. माझा वाकलेला ब्रॅकेट फॅब्रिकेटरने साडेतीनशेत सरळ करून दिला, आणि जाताना विचारलं, "ह्याच्यावर कोण बसलं होतं?"