स्वस्त वॅगलर संच, शॉटची डबी आणि मत्स्यखाद्याचं पेलेट: सोलापूरच्या पाण्यात कितपत कामाचे?

सोलापूरकडे गळाने मासे धरणाऱ्यांचं सामान मोजकं असतं. तंगूस (नायलॉनचा दोर), गळ, शिशाचा एक तुकडा, थर्मोकोलचा फ्लोट (तरंगा) आणि शेंगदाणा पेंडीचा गोळा. तळाला चरणाऱ्या मृगळासाठी आणि सायप्रिनससाठी (कॉमन कार्प) एवढं पुरतं. पण हिप्परग्याच्या तलावाला किंवा उजनीच्या बॅकवॉटरला रोहू मधल्या थरात फिरत असला, तर जड शिसं आमिषाला त्याच्या तोंडापुढून सरळ तळाला घेऊन जातं. अशा वेळी वॅगलर (लांब काडीसारखा फ्लोट), बारीक शॉट (तंगुसावर चिमटायच्या, चीर असलेल्या शिशाच्या गोळ्या) आणि सावकाश उतरणारं पेलेट (मत्स्यखाद्याचा दाणा) लागतं. त्यासाठी ऑनलाइन मिळणारा बिनब्रँडचा वॅगलर संच, खाना-खान्यांची शॉटची डबी आणि मत्स्यखाद्याच्या पोत्यातून सुटं मिळणारं पेलेट असं सामान पाहिलं. फ्लोट चालण्यासारखे आहेत, पेलेट उत्तम आहे, शॉट मात्र भिकार. आणि सगळं गणित शॉटवरच उभं असतं.

आधी पेलेट. तरंगतं खाद्य यंत्रातून उष्णता आणि दाबाखाली बाहेर पडतं. बाहेर येताच आतल्या पाण्याची वाफ होऊन दाणा फुलतो आणि पोटात हवेची छिद्रं राहतात. बुडतं खाद्य वाफ देऊन साच्यातून घट्ट दाबलेलं असतं, म्हणून ते लगेच खाली जातं. दोन्ही थोडं थोडं घ्या. ३ मि.मी.चं बुडतं पेलेट फेकायला आणि ४ ते ६ मि.मी.चं तरंगतं गळाला लावायला. उलट वाटेल, पण कारण आहे: बुडत्या दाण्यात गळ टोचला की दाणा फुटतो. तरंगता दाणा मऊ करता येतो आणि बुडवताही येतो.

त्यासाठी औषधाच्या दुकानातली ५० मि.लि.ची बिनसुईची सिरिंज पुरे. तोंडावर अंगठा ठेवून एक तृतीयांश पेलेट आणि अर्ध्यापर्यंत पाणी भरा. दट्ट्या बसवून सिरिंज उभी धरा आणि वरची हवा काढून टाका. आता तोंड अंगठ्याने घट्ट दाबून दट्ट्या जोरात मागे ओढा, दहाएक सेकंद धरा, टिचक्या मारा. दाण्यांतून बुडबुडे निघताना दिसतात. मग अंगठा न काढता दट्ट्या हळूच सोडा. निघून गेलेल्या हवेच्या जागी पाणी शिरतं आणि दाणे खाली बसू लागतात. तीन-चार वेळा केलं की बहुतेक सगळे बुडतात. तरीही जे वर राहतील ते सरळ टाकून द्या, असा दाणा गळावर ऐन वेळी दगा देतो. बुडालेले दाणे पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवून ओल्या फडक्यात गुंडाळा. बोटाने दाबल्यावर दबला पाहिजे, पण फुटता कामा नये. एप्रिल-मे महिन्यांत बाटलीतलं पाणीच कोमट असतं, तेव्हा वेळ निम्मा करा, नाहीतर गळ फेकतानाच दाणा निसटतो. विलायती पाकिटातल्या ‘एक्स्पांडर’ (फुलवलेल्या, तरंगत्या) पेलेटलाही हाच उपचार करावा लागतो, त्यामुळे त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ दिसत नाही.

फेकायच्या ३ मि.मी. दाण्यावर बुडेल इतकं पाणी घाला, तीन मिनिटांनी पूर्ण निथळा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. पाणी राहिलं तर लगदा होतो. त्याचा ढग पाण्यात पसरला की चिलापीचा (तिलापिया) घोळका जमतो आणि रोहूपर्यंत काही पोचत नाही. सुरुवातीला एक मूठ, पुढे दर दोन-तीन मिनिटांनी आठ-दहा दाणे. ६ मि.मी.चा टणक बुडता दाणाच लावायचा असेल तर सायकलच्या वॉल्व्हची रबरी नळी दीड मि.मी. जाडीच्या चकत्यांत कापा. चकतीत दाणा बसवायचा, गळ रबरातून काढायचा. गळ १४ किंवा १६ नंबरचा, बारीक तारेचा.

हे बारीक तारेचं पथ्य का? हवा काढलेला दाणा पाण्यापेक्षा किंचितच जड असतो. त्याला खाली नेतो तो बहुतांशी गळच. जाड गळावरचा दाणा बाकीच्या दाण्यांना मागे टाकून खाली जातो आणि शहाणा मासा नेमका तोच सोडतो. उंच पारदर्शक बरणीत गळावरचा आणि सुटा दाणा एकाच वेळी सोडून बघा, दोघे जवळपास बरोबर तळाला लागले पाहिजेत. बुडत्या खाद्याचा वेग आकार आणि घट्टपणानुसार साधारण सेकंदाला ५ ते १५ सें.मी. असतो. म्हणजे २ मीटर पाण्यात दाणा तळाला लागायला १३ ते ४० सेकंद.

हे आकडे फ्लोटशी जोडून वाचायचे असतात. गळ पाण्यात पडल्यावर वॅगलर उभा राहतो, मग खालचे शॉट एकेक करून ताणले जातात तसा टप्प्याटप्प्याने खाली बसतो. ठरलेल्या वेळेत तो खुणेपर्यंत बसला नाही, तर माशाने दाणा मध्येच धरलेला असतो. ओढा. अशा वेळी फ्लोट बुडण्याची वाट बघत बसलात तर मासा गेलाच समजा.

आता शॉट. प्रमाण मापं अशी (नावं गोळीच्या आकाराची): एसएसजी १.६ ग्रॅम, एएए ०.८, बीबी ०.४, नं. ४ म्हणजे ०.२, नं. ८ म्हणजे ०.०६. एका एसएसजीचे दोन एएए, एका एएएचे दोन बीबी, एका बीबीचे दोन नं. ४. हा हिशेब जुळला तरच डबीला किंमत आहे. स्वस्त डबीत तो जुळत नाही. दहा-दहा शॉट एकत्र घालून सराफी काट्यावर वजन करा, फरक लगेच दिसतो. दुसरा दोष चिरेचा. चीर मधोमध नसेल तर गोळी तंगुसावर तिरकी बसते, आमिष उतरताना फिरते आणि दोर पिळवटतो. तिसरा दोष सगळ्यात वाईट: शिसं कडक. मऊ गोळी नखाने मिटते आणि नखाने उघडते. कडक गोळीला पक्कड लागते आणि पकडीने तंगूस चेपतो. मासा लागला की दोर नेमका तिथेच तुटतो. गोळी दाताने दाबायची सवय असेल तर सोडा, शिसं विषारी आहे.

शिशामुळे पाणपक्षी मरतात म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅममधल्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे. उजनीचे पक्षी बघता आपणही कथलाचे शॉट घेतले तर बरं. फक्त एक लक्षात ठेवा. शिशाची घनता ११.३, कथलाची ७.३. हवेत ३.२ ग्रॅम भरणारं शिसं पाण्यात सुमारे २.९ ग्रॅमने ओढतं, तेवढंच कथील २.७६ ने. फरक एका नं. ४ शॉटपेक्षा थोडा कमी, तेव्हा तो एक शॉट हाताशी ठेवा.

फ्लोटवर ४ एएए छापलं असेल तर एकूण भार ३.२ ग्रॅम. वॅगलर फक्त खालच्या टोकाला अडकवतात. त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून तीन एएए, म्हणजे पाऊण भार. उरलेल्या ०.८ ग्रॅममध्ये तीन नं. ४ आणि तीन नं. ८ बसतात. रोहूसाठी ते खाली समान अंतरावर पसरा, शेवटचा नं. ८ गळापासून वीसएक सें.मी.वर. चिलापी वरच्या थरातच दाणे पळवत असेल तर तिन्ही नं. ४ एकत्र करून गळापासून अर्ध्या मीटरवर आणा. आमिष तिच्यातून लवकर पार होतं, शेवटचा टप्पा तेवढा सावकाश राहतो.

छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. प्रत्येक फ्लोट बादलीत तोलून खरा भार मार्करने लिहा. टोकाची जाडीही बघा. ४ मि.मी. जाडीचं टोक एका नं. ८ शॉटने जेमतेम ४ मि.मी. खाली जातं, २ मि.मी.चं टोक तेवढ्यानेच पावणेदोन सें.मी. बुडतं. हलक्या चाव्यासाठी बारीक टोक, उजनीच्या लाटांवर जाड. संचातल्या फ्लोटचं रोगण बुडाशी आणि कड्याजवळ पातळ असतं. तिथून पाणी मुरलं की अर्ध्या तासात फ्लोट आपसूक खाली बसू लागतो आणि चावा आहे असं वाटत राहतं. वापरण्याआधी नेलपॉलिशचे दोन हात द्या.

तंगूसही बुडाला पाहिजे. पृष्ठभागावर राहिला तर वारा त्याला धनुष्यासारखा वाकवून फ्लोट ओढत नेतो आणि दाणा तळावर फरफटतो. नव्या तंगुसावर तेलकटपणा असतो. मुलतानी माती भांडी घासायच्या द्रव साबणात कालवून फडक्याने तंगुसावरून फिरवा. जागेच्या पलीकडे फेका, काठीचं टोक पाण्यात बुडवा आणि रीळ चार-सहा वेढे भराभर फिरवा. नायलॉनची घनता १.१४, त्यामुळे एवढ्याने तो खाली जातो. ब्रेडेड (धाग्यांचा विणलेला) दोर कितीही मजबूत असला तरी त्याची घनता ०.९७, तो पाण्यावरच राहणार. वॅगलरला तो लावू नका.