अख्खी हेराल्ड की सुटे भाग? जुन्या स्पिटफायरसाठी डोनर निवडताना

मुंबईत जुनी ट्रायम्फ स्पिटफायर, म्हणजे दोन सीटांची इंग्लिश स्पोर्ट्स कार, हाती लागली आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरलं, की सगळी चर्चा लवकरच एका प्रश्नावर येते: सामान आणायचं कुठून? वाटा तीन. एक स्टँडर्ड हेराल्ड, म्हणजे आपल्याकडे बनलेली ट्रायम्फ हेराल्ड, डोनर म्हणून अख्खी विकत घ्यायची आणि तिच्या अंगावरचं काढून हिला लावायचं. किंवा लागेल तसं सुटं गोळा करायचं, थोडं चोर बाजारात, थोडं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, उरलेलं इंग्लंडहून. तिसरी वाट गॅरेजवाले सुचवतात: जिप्सीचं इंजिन टाका, पद्मिनीचं हे लावा, मारुतीचं ते लावा, गाडी पळेल. गाडी पळेलही, पण ती स्पिटफायर राहणार नाही, आणि कागदावरही अडचण होईल. त्याबद्दल पुढे लिहितो. खरी निवड पहिल्या दोनांत आहे. मी दोन्ही करून पाहिल्या आहेत. तुमची जागा, खिसा आणि घरच्यांचा धीर माझ्यापेक्षा वेगळा असू शकतो, तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबाने घ्या.

हेराल्डच का, हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. १९६२ ची स्पिटफायर हेराल्डच्याच चॅसिसची लांबी कमी करून बेतलेली, दोन्हींची रेखाटणं मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरची, आणि हेराल्ड तर १९६१ पासून आपल्याकडे मद्रासला बनत होती. म्हणजे कॉव्हेंट्रीच्या स्पोर्ट्स कारचे सख्खे नातेवाईक अजून दक्षिणेतल्या आणि पुण्याकडच्या अंगणांत धूळ खात उभे असतात. एमजी या दुसऱ्या इंग्लिश गाडीवाल्यांच्या नशिबी एवढं सुख नाही.

पण नातं सख्खं म्हणून सगळंच बसतं असं नाही. पुढचं सस्पेन्शन (ट्रनियन आणि व्हर्टिकल लिंक सोडून, त्यांचं पुढे येईल), स्टिअरिंगचा रॅक, मागचे ड्रम, पेडलचा बराचसा ऐवज, लुकास-टीव्हीएसचे डायनॅमो आणि स्टार्टर, असंख्य ब्रॅकेटं, एवढं हेराल्ड मनापासून देते. इंजिन देत नाही. आपली हेराल्ड शेवटपर्यंत ९४८ सीसीची राहिली, सुरुवातीच्या स्पिटफायरचं इंजिन ११४७ सीसीचं. दोन्हींचा स्ट्रोक ७६ मिलिमीटरचाच, पण बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, एकाचा ६३ आणि दुसऱ्याचा ६९.३, त्यामुळे पिस्टनचा विचार सोडा. पुढचे ब्रेकही नाहीत, कारण स्पिटफायरला पुढे डिस्क आहेत. डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणारा गिअरचा डबा, दिसायला तोच. मात्र मूळच्या ९४८ हेराल्ड सलूनला गुणोत्तर ४.८७५ चं होतं आणि स्पिटफायरला ४.११ चं. अख्खा उचलून लावलात तर पेडर रोडचा चढ गाडी हसत चढेल, आणि सी लिंकवर ऐंशीला इंजिन कोकलायला लागेल. मागचा आडवा पाटा चार माणसांच्या वजनाचा, दोघांच्या गाडीला लावला तर ती मागून उंटासारखी उभी राहते.

पत्र्याच्या बाबतीत तर डोनर जवळपास निरुपयोगी. स्पिटफायरच्या चॅसिसला हेराल्डसारख्या बाजूच्या पट्ट्या नाहीत, त्यांचं काम दरवाजाखालचे सिल करतात. समुद्राच्या हवेत आधी तेच जातात. ते चांगल्या डेंटरकडून बनवूनच घ्यावे लागतात, आणि कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत कांबी वेल्ड करून घ्याव्या लागतात, नाहीतर नंतर दरवाजे बंदच होत नाहीत.

आता सुट्या भागांची बाजू, आणि ती कमजोर नाही. रबर, सील, ब्रेकचे होज आणि बुश नवेच घ्यायचे असतात. डोनरच्या अंगावरचं रबर पन्नास वर्षांचं असतं, त्यावर ब्रेकचा भरवसा ठेवू नये. ट्रनियन हा तर खास मुद्दा आहे. पुढच्या चाकांच्या खालच्या टोकाला हे पितळी तुकडे असतात, त्यांत व्हर्टिकल लिंकचे, म्हणजे चाक धरणाऱ्या उभ्या दांड्याचे, पोलादी आटे फिरतात. यांना ईपी ९० गिअर ऑइल लागतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं सर्व्हिसिंगमध्ये त्यांत ग्रीस भरलं गेलं. ग्रीस आत नीट पोचत नाही, सुकतं, पावसाळ्याचं पाणी जिरतं, पोलादाला गंज चढतो, आणि एके दिवशी वळणावर लिंक मोडून चाक आडवं होतं. त्यामुळे भारतीय हेराल्डचे ट्रनियन आणि व्हर्टिकल लिंक मी कधीच दुसऱ्या गाडीला लावणार नाही, वरून कितीही चकचकीत दिसोत. हे इंग्लंडहूनच मागवावेत. डावा-उजवा सांगून मागवावेत, दोन्हींचे आटे उलट दिशेचे असतात. इंग्लंडात या गाड्यांचं नवं सामान अजून बनतं ही मोठी सोय आहे. ड्युटी आणि वजनाचं भाडं मिळून आकडा टोचतो, पण छोट्या, हलक्या भागांना ते परवडतं.

जागेचा प्रश्नही सुट्या भागांत येत नाही. बेडखालचे खोके आणि बाल्कनीतली मांडणी, एवढ्यात भागतं.

असं असताना माझा काटा दुसरीकडे झुकला तो नट-बोल्टांमुळे. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण माझ्या अनुभवात या कामात सगळ्यात जास्त रविवार कोणी खाल्ले असतील तर त्यांनी.

सुटा भाग नेहमी उघडाबोडका येतो. कुकर मिळावा पण शिट्टी आणि रिंग नसावी, तसं. चोर बाजारात स्टिअरिंगचा रॅक मिळतो, पण त्याला धरून ठेवणारे यू-बोल्ट आणि त्यांच्याखालची रबरं मिळत नाहीत. विशबोन, म्हणजे सस्पेन्शनचे आडवे हात, मिळतात, पण त्यांच्या ब्रॅकेटखालचे शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, विकणाऱ्याने कधीच झटकून टाकलेले असतात, आणि चाकाचा कल त्या शिमांवरच ठरतो. पाइप मिळतो, त्याच्या क्लिपा मिळत नाहीत. भाग विकत घेतलात की काम संपलं असं वाटतं, तिथून तो बसवायच्या गोष्टींचा शोध सुरू होतो.

त्यात आट्यांचा घोळ. स्पिटफायरला बहुतेक ठिकाणी यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक, आटे आहेत. ५/१६ इंची बोल्ट मोजला तर ७.९४ मिलिमीटरचा, आणि आपल्या सगळ्या गॅरेजांत डबे भरून पडलेला मेट्रिक बोल्ट ८ चा. डोळ्याला फरक दिसत नाही. डोकंही फसवतं: यूएनएफवाल्याचं अर्धा इंच, म्हणजे १२.७, आणि मेट्रिकवाल्याचं १३, त्यामुळे तेरा नंबरचा पाना दोन्हींवर बसतो. फरक आहे तो आट्यांच्या अंतरात, एकाचं साधारण १.०६ मिलिमीटर, दुसऱ्याचं १.२५. गॅरेजातला पोरगा म्हणतो, ‘आठ का डाल देता हूँ साहब, चलेगा.’ बोल्ट दोन फेरे छान जातो, मग अडतो. अडला की पोरगा पान्याला पाइप लावतो. मग तो जातो, कारण पोलादाचा बोल्ट चॅसिसला वेल्ड केलेल्या जुन्या नटाचे आटे खाऊन पुढे सरकतो. त्या क्षणी सगळं घट्ट बसलेलं दिसतं. नंतर कधीतरी खड्ड्यात तो ढिला होतो, आणि आता त्या भोकात खरा बोल्टही धरत नाही. मग ड्रिल, टॅप, मोठा बोल्ट, नाहीतर नट कापून नवा वेल्ड.

पोरगा कामाला वाईट नसतो. त्याच्या आयुष्यात इंची गाडी आलेलीच नसते, आणि आपण प्रत्येक वेळी शेजारी उभे नसतो. मी उस्तादांना स्पष्ट सांगून, मेट्रिकचे डबे बाजूला काढून ठेवायला लावून पाहिलं. संध्याकाळी सहाच्या घाईत ते डबे परत येतात.

यूएनएफ बोल्ट मुंबईत मिळत नाहीत असंही नाही. नागदेवी स्ट्रीटवर मिळतात, फक्त मागायचं नेमकं: ५/१६, इंचाला चोवीस आटे, हाय टेन्साइल, लांबी अमुक. नुसतं ‘इंची’ म्हटलंत तर व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा, हातात पडतो, त्याला इंचाला अठराच आटे. लांबीतही ठिगळं लावावी लागतात. हवी ती नसते, मोठी घेऊन कापायची. आणि आपण मोकळे असतो त्या रविवारी बाजार बंद. (एमजीच्या टी मालिकेवाल्यांना तर दंडवतच. त्यांच्या इंजिनाचे आटे मेट्रिक आणि बोल्टांची डोकी व्हिटवर्थच्या मापाची. त्यांनी हे सगळं वाचून माझ्यावर हसावं.)

अख्ख्या हेराल्डमध्ये हा छळ जवळजवळ संपतो. प्रत्येक बोल्ट त्याच्या स्वतःच्या भोकात असतो, योग्य लांबीचा, योग्य वॉशरसकट. शिम जागेवर असतात. पाइप कुठून वळतो, वायर कुठल्या क्लिपेखालून जाते, हे बघायला फोटो शोधावे लागत नाहीत, उठून बघायचं. मी एकेक जोडकाम सोडवून त्याचे बोल्ट डिझेलमध्ये बुडवायचो, तारेच्या ब्रशने घासायचो आणि त्याच भागाबरोबर पिशवीत बांधायचो. ब्रेक आणि स्टिअरिंगचे बोल्ट नवे घेतले, बाकीचे जुनेच परत गेले आणि ते आजपर्यंत ढिले झालेले नाहीत. तुमच्याकडे शांत, एकहाती काम करणारा, इंची पान्यांचा संच बाळगणारा मिस्त्री असेल, तर कदाचित हा मुद्दा तुम्हाला एवढा जाणवणार नाही. असा माणूस मिळाला तर त्याला जपा.

डोनरच्या बाजूने बोलतोय म्हणून जागेचं दुःख लपवत नाही. आपल्या सोसायट्यांत एका पार्किंगवरून माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. तिथे चाकं काढलेली हेराल्ड विटांवर उभी राहिली की काय होतं ते सांगायला नको. पावसाळ्यात ताडपत्रीच्या खोलगटात पाणी साचलं की डासांचा विषय निघतो, आणि सेक्रेटरी तो सर्वसाधारण सभेत काढतातच. रस्त्यावर ठेवलीत तर बेवारस वाहन म्हणून नोटीस चिकटू शकते. भिवंडी किंवा पनवेलकडे शेड घेणं हा मार्ग आहे, फक्त भाडं दर महिन्याला जातं आणि असली कामं ठरलेल्या महिन्यांत कधी संपत नाहीत. ज्यांना कुठेच जागा नाही त्यांना मी सुटे भागच घ्या म्हणेन. किंवा मधला मार्ग: हेराल्ड जिथे उभी आहे तिथेच दोन दिवस मुक्काम ठोकून ती सोडवायची, पिशव्या आणि खोके घेऊन यायचं, सांगाडा तिथेच विकायचा. जागा वाचते. मात्र उठून बघायची सोय जाते, तेव्हा खोलण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो हवेतच.

कागदांचं थोडक्यात. डोनर घेताना आरसी बुक मागा, आणि ती मोडल्यावर आरटीओत तिची नोंदणी रद्द करून घ्या. दुसऱ्या गाडीचा चॅसिस नंबर आपल्या अंगणात लटकत ठेवू नये. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणीची सोय झाली, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. त्यात अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. जिप्सीच्या इंजिनाची वाट मी सुरुवातीलाच सोडली ती यासाठीही. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज फिरवायला नसते, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती बाहेर काढता येते. तुमच्या गाडीची जुनी नोंदणी जिवंत असेल तर ती सांभाळणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

डोनर घ्यायचं ठरलंच, तर नाव नीट वाचून घ्या. १९७२ नंतरची स्टँडर्ड गॅझेल दिसायला भाऊबंद, पण तिला मागे सरळ लाइव्ह अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड दांडा, आहे, त्यामुळे मागचा अर्धा भाग तुमच्या काहीच कामाचा नाही. चार दरवाजांची हेराल्ड चालते, तिची चॅसिसवरची मंडळी तीच. पत्रा सडलेला असेल तर उत्तमच, भाव पडतो आणि तो पत्रा तुम्हाला नकोच आहे. चालू स्थितीतली, रंग शाबूत असलेली हेराल्ड मात्र कोणी स्वस्तात देत असेल तरी मोडू नका. ती चालवणाऱ्या माणसाला द्या, तो बदल्यात तुम्हाला सडकी शोधून देईल. हे लोक एकमेकांना ओळखतात.

मोडलेल्या गाडीचं उरलेलंही विकलं जातं. ९४८ चं इंजिन, पुढची काच, दरवाजे, बॉनेट यांना हेराल्डवाल्यांकडून मागणी असते, आणि त्यातून माझे डोनरचे बरेचसे पैसे वसूल झाले. मागचा पाटा तेवढा कोणी नेला नाही. हवा असेल त्याने घेऊन जावा, जिन्यावरून उतरवायला सोबत एक माणूस आणावा.