हॅना एचआय ७७२ : प्रवाळाची वाढ मोजायला हा मीटर पुरतो का?

कठीण प्रवाळाची वाढ नुसत्या नजरेने कळत नाही. फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोराचे शेंडे पांढरट दिसले की तो वाढतोय एवढं समजतं, पण किती, ते नाही. समुद्रात त्याची फांदी वर्षाला १०-२० सेंटिमीटर लांबते. गोळ्यासारखा वाढणारा पोराइट्स त्याच वर्षात सेंटिमीटरभर वाढला तरी चांगली वाढ म्हणायची. पट्टी लावून मोजायचं तर महिने जातात, आणि तोवर काही बिघडलेलं असेल तर ते हातचं गेलेलं असतं. म्हणून खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत सांगाडा बांधायला पाण्यातून जे ओढलं जातं तेच मोजायचं, म्हणजे अल्कॅलिनिटीची (पाण्यात विरघळलेल्या, मुख्यतः बायकार्बोनेट-कार्बोनेटच्या साठ्याची) रोजची घट. हॅनाचा हा खिशात मावणारा मीटर बहुतेक जण ‘अल्कॅलिनिटी ठीक आहे ना’ एवढंच बघायला घेतात. इथे त्याच्याकडे वाढीचा दर काढायचं साधन म्हणून पाहिलं आहे.

आधी एक गोष्ट, कारण आपण कोकणात आहोत. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवण असो की वेंगुर्ला, ओहोटीत पायाशी आलेला तुटका तुकडासुद्धा उचलून टाकीत टाकायचा नाही. घरच्या टाकीसाठी कोणी विकायला आणला तर वनविभागाकडे चौकशी केल्याशिवाय हात लावू नका. विक्रेत्याने ‘पेपर आहेत’ म्हणणं आणि पेपर असणं यात अंतर असतं. आखातात किंवा सिंगापुरात टाकी सांभाळणाऱ्या कोकणी मंडळींनी तिथले नियम बघावेत. खालचा हिशेब सगळीकडे तोच आहे.

मीटरचं काम सोपं आहे. काचेच्या कुपीत १० मिलि टाकीचं पाणी घ्यायचं, कुपी बसवून बटण दाबायचं म्हणजे शून्य धरलं जातं. मग कुपी काढून सिरिंजने १ मिलि रीजंट (पाण्याला रंग आणणारं रसायन) घालायचं, झाकण लावून चार-पाच वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायचं, परत बसवून बटण दाबलं की आकडा येतो. रंग ओळखायची भानगड नाही. सॅलिफर्ट कंपनीच्या थेंबांच्या किटमध्ये निळसर-हिरवा कधी संपला आणि नारिंगी-गुलाबी कधी सुरू झाला यावर घरातल्या दोघांचं एकमत होत नाही. ट्यूबलाइटखाली तर नाहीच. इथे तो वाद मिटतो.

आता अचूकता. कंपनी सांगते अधिक-उणे ०.३ डीकेएच (अल्कॅलिनिटी मोजायचं एकक), शिवाय वाचनाच्या ५ टक्के. म्हणजे मीटरने ८ दाखवले तर खरा आकडा ७.३ ते ८.७ मध्ये कुठेही असू शकतो. हे वाचून अनेक जण नाक मुरडतात. पण वाढीसाठी आपल्याला हवा असतो दोन वाचनांमधला फरक. मीटर कायम ०.३ ने जास्त दाखवत असेल तर वजाबाकीत ते उडून जातं. उरते ती एकाच पाण्याच्या तीन वाचनांत दिसणारी ०.१-०.२ ची चळ, आणि फरक नीट दाखवतो की नाही हा प्रश्न.

तो प्रश्न घरच्या घरी सोडवता येतो आणि नवा मीटर आला की पहिलं काम हेच करावं. साधा खाण्याचा सोडा ३ ग्रॅम, सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजून, आरओच्या पाण्यात विरघळवून १०० मिलि करा. (बेकिंग पावडर चालत नाही आणि पापडखार तर नाहीच.) टाकीच्या १ लिटर पाण्यात यातलं १ मिलि घातलं की अल्कॅलिनिटी १.० डीकेएचने वाढते, २ मिलि घातलं की २.० ने. न घातलेलं, १ मिलिचं आणि २ मिलिचं अशी तीन पाणी प्रत्येकी तीनदा मोजा. सरासरीत पायऱ्या ०.९ ते १.१ च्या आल्या तर मीटर, रीजंट आणि तुमचा हात तिन्ही ठीक. गोड्या पाण्यात सोडा घालून ही परीक्षा घेऊ नका. हे मॉडेल खाऱ्या पाण्यासाठी बांधलेलं आहे, मिठाशिवाय आकडा हलतो.

पायऱ्या चुकल्या तर बहुतेक वेळा दोष सिरिंजमध्ये अडकलेल्या बुडबुड्याचा असतो. १ मिलिमध्ये ०.०५ ची हवा म्हणजे ५ टक्के रीजंट कमी. टोक खाली ठेवून दट्ट्या सावकाश ओढा, बुडबुडा दिसला तर सगळं परत बाटलीत सोडून पुन्हा भरा.

दुसरा दोष खास आपल्या हवेचा. चिलरवर (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रावर) चालणारी टाकी २५-२६ अंशांवर असते. मे महिन्यात किंवा पावसाळ्यात खोलीत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते ते) २७ च्या आसपास जातो. म्हणजे टाकीतून काढलेल्या पाण्याची कुपी बाहेर येताच काचेवर धुकं धरते. ते इतकं बारीक असतं की लक्षात येत नाही. शून्य धरताना काच कोरडी आणि रीजंटनंतर धुकट, किंवा उलट, झालं की आकडा अर्ध्या डीकेएचने सहज इकडेतिकडे जातो. पाणी काढून पंधरा मिनिटं खोलीत राहू द्या, मगच कुपी भरा, आणि बसवण्याआधी दोन्ही वेळा मऊ कोरड्या कपड्याने पुसा. चष्म्याचं फडकं उत्तम.

मग खरं काम. सोडा, कॅल्शियम, चुन्याचं पाणी, सगळं डोसिंग (घट भरून काढायला टाकीत घातलेली भर) बंद. बाष्पीभवनाची तूट आरओच्या पाण्याने भरून, अर्धा तास थांबून पहिलं माप. बरोबर २४ तासांनी पुन्हा तूट भरून दुसरं. वेळ तीच हवी, कारण प्रकाशात कठीण प्रवाळ अंधाराच्या साधारण तिप्पट वेगाने सांगाडा घालतो. सकाळचं माप आणि दुसऱ्या दिवशी रात्रीचं माप यांची वजाबाकी म्हणजे निव्वळ गोंधळ.

१ डीकेएच घट म्हणजे लिटरमागे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. टाकीत नक्त २०० लिटर पाणी असेल तर ३.६ ग्रॅम. रोज अर्धा डीकेएच उतरत असेल तर दिवसाला १.८ ग्रॅम, महिन्याला ५० ग्रॅमच्या पुढे. नक्त पाणी म्हणजे काचेचं माप नव्हे, दगड-वाळूची जागा वजा. तेही याच मीटरने निघतं : मोजून सोडा विरघळवून घाला, तासाभराने वाढ बघा, ग्रॅमला ३३.३ ने गुणून वाढीने भागा. ६ ग्रॅम घालून १.२ वाढलं तर पाणी १६६ लिटर.

हाच हिशेब कॅल्शियमच्या किटवर करायला जाऊ नका. १ डीकेएचच्या जोडीला कॅल्शियम फक्त ७ मिलिग्रॅम उतरतं आणि टाकीत ते ४००-४४० असतं. ५ किंवा १० च्या पायऱ्यांनी मोजणाऱ्या किटला ते दिसतही नाही.

मीटर कुठे कमी पडतो? हळू वाढणाऱ्या टाकीत. पोराइट्स, फॅविया अशा जातीच असतील आणि दिवसाला ०.२ उतरत असेल तर ती घट मापाच्या चळीइतकीच आहे. अशा टाकीत चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा, मात्र ७ च्या खाली जाऊ देऊ नका. फांद्यांच्या जातींनी भरलेल्या, रोज १ च्या वर ओढणाऱ्या टाकीत एका दिवसाचं माप पुरतं.

घट झाली म्हणजे ती प्रवाळानेच खाल्ली असंही नाही. दगडावरचं गुलाबी शेवाळ, गोगलगायी, हीटरवर आणि पंपाच्या पात्यावर बसणारा पांढरा थर, सगळे त्यात वाटेकरी. नायट्रेट ५० मिलिग्रॅमने चढलं तर तेवढ्यानेच २.३ डीकेएच जातात. म्हणून निव्वळ ग्रॅमपेक्षा महिन्यामागून महिना तोच आकडा कसा बदलतो ते बघावं. प्रवाळ मोठे होत असताना रोजची ओढ वाढली पाहिजे. ती थांबली किंवा उतरली तर कातडी सोलवटायच्या आधीची ती सूचना समजा.

पावसाळ्यात मात्र हा आकडा चकवतो. चुन्याचं संपृक्त पाणी टॉप-अपमधून, म्हणजे बाष्पीभवनाची तूट भरताना, देणाऱ्यांकडे मे महिन्यात रोज २ लिटर उडत असेल तर २०० लिटरच्या टाकीला त्यातून १.१ डीकेएच मिळतात. जूनमध्ये हवा ओली झाली, ०.८ लिटरच उडालं, की मिळतात जेमतेम ०.४५. अल्कॅलिनिटी घसरते आणि लोक समजतात प्रवाळ जोरात वाढतोय. उलट खिडक्या बंद राहिल्याने खोलीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो आणि वाढ मंदावलेली असते. डोसिंग बंद ठेवून मोजलं तरच खरं काय ते कळतं. चार-पाच तास वीज गेली असेल तर तो दिवस हिशेबातून काढून टाका. आणि चुना प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. पानटपरीवरचा किंवा शिंपल्यांच्या भट्टीतला चुना विड्याला ठीक, त्यात आणखी काय आहे ते कोणी तपासलेलं नसतं.

खर्चाकडे बघताना मीटरच्या किमतीपेक्षा रीजंट बघा. एका बाटलीत २५ चाचण्या. सुरुवातीला तीन, शेवटी तीन असं वाढीचं एक माप सहा चाचण्यांचं, म्हणजे बाटलीत चार मापं. महिन्याला एक केलं आणि मध्ये आठवड्याची साधी तपासणी धरली तर बाटली तीनेक महिन्यांत संपते. एकदम चार बाटल्या घेऊन ठेवू नका. बाटलीवरची मुदत बघून घ्या, आणि नवी बाटली उघडली की सोड्याची परीक्षा पुन्हा.

एकेका प्रवाळाचा दर हवा असेल तर हा मीटर निरुपयोगी, तो फक्त अख्ख्या टाकीचा हिशेब सांगतो. त्यासाठी काट्याच्या खालच्या हुकला नायलॉनच्या दोऱ्याने प्रवाळ लटकवून पाण्यातच वजन करायचं. दर वेळी तापमान आणि क्षारता तीच ठेवायची, बुडबुडे झटकायचे. पाण्यातल्या वजनात जितकी वाढ दिसेल तिला १.५४ ने गुणलं की सांगाड्याची खरी वाढ मिळते. ०.०१ ग्रॅमचा काटा यासाठी पुरतो आणि रीजंट लागत नाही.