कांगारू केअरचा पट्टा : आठ महिन्यांनी लिहितेय

आधी निकाल सांगून टाकते. कांगारू केअर म्हणजे दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणं, आणि त्याला तसं बांधायचा हा पट्टा. पट्टा कामाचा आहे, पण त्याच्यावाचून काही अडत नाही. आमच्याकडे सासूबाईंची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती नऊवारी दोन पट्ट्यांपेक्षा जास्त चालली.

लेक 31व्या आठवड्यात झाली, वजन 1420 ग्रॅम. काचेच्या पेटीतून बाहेर आली तशी सिस्टरांनी ती माझ्या छातीवर दिली आणि म्हणाल्या, "आता पेटी तुम्हीच." घरी सोडताना पट्टा घ्या म्हणाले, म्हणून ऑनलाइन मागवला.

वापरायची पद्धत पट्ट्यासोबतच्या चिठ्ठीपेक्षा सिस्टरांनी नीट दाखवली. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. छातीच्या मधोमध उभं धरायचं, पाय गुडघ्यात दुमडून बाजूला. मान एका कुशीला वळवलेली आणि जराशी वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. पट्ट्याची वरची कड कानाच्या खालपर्यंत. आपण आडवं झोपायचं नाही, आरामखुर्चीत रेलायचं. आमच्या घरातली कापडी आरामखुर्ची इतकी वर्षं सासऱ्यांची होती. तेव्हापासून ती कुणाचीच राहिली नाही.

पट्ट्याच्या तक्रारी अशा. वेल्क्रो पाच-सहा धुण्यांतच सैल पडलं, आणि उघडताना असा आवाज करतं की झोपलेलं बाळ दचकून दोन्ही हात वर टाकतं. आतलं अस्तर सुती नव्हतं. सोलापूरचा एप्रिल ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दोघींच्या अंगावर घामोळं. तिसरं म्हणजे माप फक्त बाईचं. नवऱ्याला तो पुरेचना. मग दुसरा, बंदांचा पट्टा घेतला. बंद बांधायला वेळ लागतो, पण टिकतात. घ्यायचा तर तोच घ्या.

नवऱ्याला आधी संकोच होता. "छातीवर केस आहेत, तिला टोचतील." सिस्टर म्हणाल्या, आंघोळ करून या, बाकी तिला चालेल. रात्रीची पाळी पुढे त्याचीच झाली. जागतिक आरोग्य संघटनेचा 2022चा सल्ला दिवसाला 8 ते 24 तासांचा आहे. एकट्या आईला, तेही तीन तासांनी दूध काढून वाटी-चमच्याने पाजायचं असताना, एवढं बसणं कसं जमावं? हे घराचं काम आहे. डॉक्टरांनी सांगितलं, कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 साली पेट्या कमी पडत होत्या म्हणून हे सुरू झालं. पण आता ती गरिबाची सोय राहिलेली नाही. 2021 साली पाच देशांतला मोठा अभ्यास आला, दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटलही त्यात होतं. 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर छातीशी धरलं, तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू पाव हिश्शाने कमी झाले. हे ऐकल्यावर नवऱ्याने पुन्हा केसांचा विषय काढला नाही.

आता श्रद्धेचं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तुळजाभवानीला नवस बोलला. पाचवीला लेक दवाखान्यात, पाटा-वरवंटा घरात. त्यांनी कोरा कागद, पेन ठेवून पूजा केली, पण मनात रुखरुख : सटवाई पेटीपाशी जाईल का? दवाखान्यातल्या मावशी म्हणाल्या, "आजी, तिला पास लागत नाही." त्या एका वाक्यावर सासूबाई निवांत झोपल्या. धागा मनगटात नको म्हटल्यावर तो त्यांनी दवाखान्याच्या फाईलला बांधला. अंगारा बाळाऐवजी माझ्या कपाळाला. इथवर कुणाला अडचण नव्हती. धुरीवर मात्र ठिणगी पडली. ओवा-वावडिंगाची धुरी त्यांच्या सगळ्या नातवंडांनी घेतलेली. डॉक्टरांनी धूर आणि घुटी दोन्हींना साफ नाही सांगितलं. अशा फुफ्फुसांना धूर सोसत नाही आणि पोटात आईच्या दुधाशिवाय, लिहून दिलेल्या थेंबांशिवाय काही जायचं नाही. दोन दिवस घरात अबोला. मग त्या म्हणाल्या, "मग मी काय करू?" मी लेक त्यांच्या छातीशी बांधली, त्यांच्याच नऊवारीत. दुपार त्यांची ठरली.

सासरे कुणाला काही बोलत नसत. ते कालनिर्णयच्या चौकोनात रोजचं वजन लिहीत. पहिल्या आठवड्यात आकडा उतरून 1310 झाला, तेव्हाही लिहिलाच. एका एकादशीच्या खाली 1560 आहे. आमच्या घरात त्या दिवसांत देव आणि ग्रॅम एकाच पानावर होते, आणि मला त्यात काहीच विसंगत वाटलं नाही.

अडीच किलोच्या पुढे ती स्वतःच पाय झाडून बाहेर यायला लागली, तेव्हा पट्टा सुटला. आता लस जन्मतारखेप्रमाणे चालू आहे, पण बसणं-पालथं पडणं मोजताना ती जितकी आधी आली ते नऊ आठवडे वजा करायचे. शेजारणी "अजून बसत नाही?" विचारतात, तर सासूबाईच त्यांना वजाबाकी शिकवतात.

घेणाऱ्यांसाठी : सुती, बंदांचा, बाबांच्या मापाचा, आणि दोन, कारण एक कायम दोरीवर असतो. सर्दी झालेल्याने धरू नये. बाळ निळसर वाटलं, गार पडलं, दूध ओढेना किंवा श्वास अडकला, तर तडक दवाखाना. आणि 34 आठवड्यांआधीचं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल, तर डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी 30 दिवसांच्या आत झालीच पाहिजे. फार लवकर झालेल्या बाळांची त्याहूनही आधी. आमच्या डिस्चार्ज कार्डावर ती ओळ शेवटी, बारीक अक्षरात होती. तुमच्यावर असेलच असं नाही, विचारून घ्या.