हबलचा कोपरा भरून देणारं दुकान : एका प्रिंटचा रिव्ह्यू

आमच्या हॉलमधली सोफ्यामागची भिंत दोन वर्षं रिकामी होती. सासूबाईंना तिथे सात पळते घोडे हवे होते आणि मला पिलर्स ऑफ क्रिएशन, म्हणजे हबल या अवकाश दुर्बिणीने टिपलेला, अवकाशातल्या वायू-धुळीच्या खांबांचा प्रसिद्ध फोटो. शेवटी मी जिंकले, पण त्या नादात पेठेतल्या एका फोटो प्रिंटवाल्याकडे तीन चकरा झाल्या, म्हटलं लिहून ठेवावं, कुणाला असला फोटो छापायचा असेल तर उपयोग होईल. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण पहिली प्रिंट पार फसली, दुसरी एक नंबर आली, आणि जी फसली त्यात निम्मी चूक माझीच होती.

फोटो कुठला ते आधी सांगते, कारण या नावाचे तीन-चार फोटो आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. मला १९९५ चा, पहिला हवा होता. मी तेव्हा शाळेत होते आणि पेपरात आलेला, शाई पसरलेला, काळा-पांढरा फोटो कापून वहीत चिकटवला होता. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी हबलवरून १ एप्रिल १९९५ ला घेतलेला. हबलचा आरसा कडेला केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाएवढा जास्त घासला गेला होता, त्यामुळे सुरुवातीची तीन वर्षं सगळं धूसर दिसायचं, मग डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली आणि नवा कॅमेरा बसवला. हा फोटो त्या नव्या कॅमेऱ्याचा. त्यानंतर हबलनेच आणखी नव्या कॅमेऱ्याने २०१४ मध्ये तोच भाग परत टिपला, आणि २०२२ मध्ये वेब या नव्या अवकाश दुर्बिणीने इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात, ज्यात धूळ बरीचशी आरपार दिसते आणि मागचे हजारो तारे बाहेर येतात. माझ्या लेकीला वेबचाच आवडतो. (ओळखायची ट्रिक : झगझगीत ताऱ्याला चार टोकं असली तर हबल, सहा मोठी असली तर वेब.)

तर नासाच्या साइटवरून फाईल फुकट उतरवली, पेन ड्राइव्हवर घेतली आणि गेले. दुकानातल्या काकांनी फाईल उघडून पहिलं वाक्य टाकलं, "ताई, पिक्सेल कमी आहेत, दीड फुटाच्या वर जाऊ नका." खरंच आहे, कॅमेऱ्याच्या एकेका चिपवर ८०० बाय ८०० पिक्सेल, चार चिपा मिळून फोटो जेमतेम सोळाशे पिक्सेल रुंद. आजकाल फोनचा सेल्फी याच्यापेक्षा मोठा असतो. दुसरा कुणी असता तर तीन फुटी छापून पैसे घेऊन मोकळा झाला असता, त्यामुळे इथे काकांना पूर्ण मार्क. १८ बाय १८ इंच कॅनव्हास, १३५० रुपये, चार दिवसांनी या.

चार दिवसांनी गेले, उलगडून बघितलं आणि काहीतरी चुकतंय एवढंच आधी जाणवलं. मग दिसलं. कोपरा! मूळ फोटोत वर उजवीकडे जिन्याच्या पायऱ्यांसारखा काळा तुकडा आहे, तिथे फोटोच नाही. काकांनी तिथे आकाश भरलं होतं. शेजारचं उचलून इतकं बेमालूम बसवलेलं की मलाही पटकन कळलं नसतं, पण तीन चांदण्यांची तीच तिरकी ओळ एकाखाली एक दोनदा आली होती. शिवाय सगळ्या फोटोतला हिरवा उडालेला, खांब गुलाबी, साखरेच्या पाकातून काढल्यासारखे.

"काका, तो काळा भाग कुठे गेला?"

"अहो ताई, तुमची फाईल करप्ट होती. रात्री बसून भरला मी तो कोपरा, त्याचे वेगळे पैसे पण नाही लावले."

आता या माणसावर चिडायचं कसं? मी काउंटरवरच समजावायला बसले. कॅमेरे चार होते, तीन सारखे आणि चौथा आपल्या कोपऱ्यातला आकाशाचा छोटाच तुकडा जास्त झूम करून बघणारा. चौघांचे फोटो जोडायचे तर चौथ्याचा फोटो बाकीच्यांच्या मापात आणायला लहान करावा लागतो, लहान केला की त्याच्या बाजूची जागा रिकामी पडते, तीच ती पायरी. काका म्हणाले, "म्हणजे तीन वाइड आणि एक टेली, सरळ सांगा ना." झालं, माझ्या पाच मिनिटांच्या लेक्चरचं त्यांनी एका वाक्यात काम केलं.

रंगाचं मात्र जरा वाजलं. त्यांचं म्हणणं, लग्नाच्या फोटोत चेहरा बघून रंग लावता येतो, इथे चेहरा कुठाय, मशीनला ऑटोवर टाकलं तर तिने हिरवट झाक काढून टाकली, बरोबरच केलं. आणि प्रश्न चुकीचा नाहीये हो. कारण हबलचा कॅमेरा फोटो काळे-पांढरेच घेतो, पुढे एकेक फिल्टर लावून, असे ३२ फोटो जोडून हा एक झालाय. एका फिल्टरमधून गंधकाचा प्रकाश, तो लाल दाखवलाय, एकातून हायड्रोजनचा, तो हिरवा, एकातून ऑक्सिजनचा, तो निळा. डोळ्याने बघाल तर हायड्रोजन आणि गंधक दोन्ही लालच, एक ६५६ नॅनोमीटर आणि दुसरा ६७३, दोन्ही लाल ठेवले तर कुठे काय आहे ते कळणारच नाही, म्हणून मुद्दाम वेगळे रंग दिले. तेव्हा यातला हिरवा म्हणजे हायड्रोजन. मशीनने झाक म्हणून जो पुसला तो हायड्रोजन होता! हे मी जरा जोरातच बोलले असणार कारण अल्बम घ्यायला आलेलं एक जोडपं वळून बघायला लागलं.

दुसऱ्या वेळी ऑटो बंद, कोपरा काळा, आणि कॅनव्हासऐवजी लस्टर पेपर, म्हणजे हलकी चमक असलेला फोटोचा कागद. हा सल्ला काकांचाच, कॅनव्हासवर काळा रंग राखाडी पडतो आणि या फोटोत काळा महत्त्वाचा. ९५० रुपये, चकाकी न मारणारी काच लावून फ्रेमचे वेगळे. आणि काय आलंय! डाव्या खांबाच्या टोकाशी वाफा निघाल्यासारखे जे धागे आहेत ते एकेक सुटे दिसतात. त्या खरंच एक प्रकारच्या वाफाच आहेत, जवळच्या तरुण तापलेल्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी खांबाचा वायू उकळून उडतोय, आणि जिथे गाठ घट्ट आहे तिथे तिच्या आडोशाने मागचा वायू टिकलाय, म्हणून बोटांसारखे आकार. सासूबाई म्हणाल्या, "उदबत्तीचा धूर आहे की काय." मी सांगितलं, डावा खांब चार प्रकाशवर्षं उंच आहे, सूर्याला सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर, म्हणजे खांब इथे आडवा टाकला तर जवळजवळ तिथवर पोचेल. त्यावर त्यांनी चष्मा लावून परत बघितलं आणि म्हणाल्या, "मग एवढासा का छापलास?"

तक्रारी दोन. फोन उचलत नाहीत, आणि फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हणतात, ते अजिबात करू नका, बारीक तारे सगळे खाऊन टाकतं, पेन ड्राइव्हच न्या. ऑटो करेक्शन नको आणि काहीही भरू नका हे ऑर्डरच्या पावतीवर लिहून घ्या, मी तोंडी पण सांगितलं नव्हतं, म्हणून निम्मी चूक माझी. तीन फुटी हवा असेल तर २०१४ वाला न्या, त्यात पिक्सेल भरपूर आहेत आणि पायरीही नाही.

पहिल्या प्रिंटचे पैसे काकांनी घेतले नाहीत. परवा तिकडून जाताना बघितलं तर ती काउंटरमागे लावलीये, गुलाबी खांब, जुळ्या चांदण्या सगळं तसंच, आणि एका गिऱ्हाइकाला काका सांगत होते की नासाचा कोपरा राहिला होता तो आपण पूर्ण केलाय.